त्रयोदशाक्षरी जप: संख्या भरते, पण मन ठरत नाही

रानवारा

नमस्कार मंडळी. 'श्रीराम जय राम जय जय राम' या मंत्राचा रोज 13 माळांचा नेम आहे. डोळे मिटून, मनातल्या मनात. सकाळी साधारण 25 मिनिटांत पुरा होतो. पाचसहा माळांनंतर मंत्र आपला आपण चालू राहतो आणि मन भलतीकडेच हिंडतं, कधी डुलकीही लागते. मेरुमणी, म्हणजे माळेच्या 108 मण्यांवरचा टोकाचा मणी, आला की माळ फिरवताना हात अडखळतो आणि लागलेली तंद्री मोडते. जपानंतर दहा मिनिटं मानसपूजा करायची म्हटलं तर मूर्ती डोळ्यांसमोर उभीच राहत नाही. नेम कमी करावा, वाढवावा की पद्धत बदलावी?

गोदातीर

आधी हिशेब मांडा. 13 माळा म्हणजे 1404 जप आणि 25 मिनिटं म्हणजे 1500 सेकंद. सेकंदाला जवळजवळ एक जप, म्हणजे तेरा अक्षरं. या वेगात तेराही अक्षरं उमटत नाहीत. गळतं कुठे तेही ठरलेलं असतं: 'जय जय'चा एकच 'जय' होतो आणि शेवटचा 'राम' पुढच्या 'श्री'मध्ये बुडतो. मनाला धरायला अक्षरच उरलं नाही, तर ते भटकणारच. तेव्हा दोष एकाग्रतेचा नाही, वेगाचा आहे.

घड्याळ लावून एक माळ मोठ्याने म्हणून बघा. स्पष्ट उच्चार केला तर एका जपाला दोन ते अडीच सेकंद लागतात, माळेला साडेतीन ते साडेचार मिनिटं. तुमच्या 25 मिनिटांत सहा माळा नीट बसतात. सध्या सहाच करा.

त्या सहा सगळ्या मनातल्या मनात करू नका. पहिल्या दोन वाचिक, म्हणजे शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल अशा. मधल्या दोन उपांशू: ओठ आणि जीभ हलते, आवाज फक्त आपल्या कानाला. शेवटच्या दोन मानस. मनुस्मृतीत विधीने केलेल्या यज्ञापेक्षा जप दहापट, उपांशू शंभरपट आणि मानस हजारपट असा क्रम दिलाय. तो वाचून पुष्कळ जण थेट वरच्या पायरीवर जाऊन बसतात. पण मानस जपात ओठांचा आधार नाही, कानाचाही नाही. मन निसटलं तरी लवकर कळत नाही. उपांशू जपात अक्षर गळलं की कानाला लगेच खटकतं. म्हणून नियम साधा ठेवा: मन गेलेलं कळलं की एक पायरी खाली यायचं. मानसातून उपांशू, उपांशूतून वाचिक. तीच माळ पुढे चालू ठेवायची, पहिल्यापासून सुरू करायची नाही.

डुलकीचं मुख्य कारण डोळे पूर्ण मिटून केलेला मानस जप, त्यात पाठ वाकलेली. आसनाची मागची बाजू घडी घालून दोनतीन इंच उंच करा, म्हणजे कंबर सरळ राहते आणि पायाला मुंग्याही कमी येतात. डोळे अर्धे उघडे, नजर समोर जमिनीवर. तरीही झोप आली तर उभं राहून वाचिक जप करा. भुवयांच्या मध्ये जोर लावून लक्ष 'धरायला' जाऊ नका. त्याने फक्त कपाळ दुखतं. लक्ष कानात ठेवा.

आता माळ. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर घ्यायची, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लांब. डावा तळवा लोंबणाऱ्या माळेखाली. मेरू ओलांडायचा नाही. शेवटचा मणी झाला की तो अंगठा आणि अनामिकेत चिमटीत धरा, मधलं बोट काढून घ्या, मनगट वळवा आणि बोट उलट बाजूने परत घाला. दोन दिवस नुसता हाच सराव केला तर डोळे न उघडता जमतं. मेरूला गोंडा नसेल तर बांधून घ्या, बोटाला आधीच चाहूल लागते. मणी सरकत नसतील तर माळ फार घट्ट ओवलेली आहे. दोन मण्यांमध्ये गाठ हवी आणि दोन गाठींमध्ये मणी थोडा सरकेल एवढी मोकळी जागा हवी. नव्या तुळशीमाळेत भोकाची कड खरखरीत असते आणि तिथेच सुती दोरा झिजतो, म्हणून अधूनमधून दोरा तपासत जा. आणि जपाची माळ गळ्यात घालू नये. घामाने दोरा कुजतो. गळ्यातली वेगळी ठेवा.

तुळसवृंदावन

मानसपूजेबद्दल लिहिते. दासबोधात चौथ्या दशकाच्या पाचव्या समासात, अर्चनभक्तीत, समर्थांनी ती सांगितली आहे: बाहेरची पूजा घडत नसेल तर मनाने करावी, पण करावीच. म्हणजे ती पूजाच आहे, नुसतं ध्यान नाही. हा फरक लक्षात घेतला की 'मूर्ती दिसत नाही' ही अडचण निम्मी सुटते. तुम्हाला चित्र बघत बसायचं नाहीये, हातांनी काम करायचं आहे.

दहा मिनिटांत षोडशोपचार घालू नका. आवाहनापासून मंत्रपुष्पापर्यंत सोळा उपचार म्हणजे एकेकाला 40 सेकंदही मिळत नाहीत, नुसती यादी होते. पंचोपचार घ्या: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. प्रत्येकी दोन मिनिटं.

गंधाचंच बघा. सहाणेवर चार थेंब पाणी. चंदनाचं खोड गोल फिरवायचं. आधी नुसतं पाणी पांढुरकं होतं, मग खोड किंचित चिकटायला लागतं, मग वास येतो. गंध अनामिकेवर घ्यायचं, बोटाला त्याचा गारवा लागतो. आता ते बोट आधी पावलांना, मग कपाळाला. ज्यांना मिटल्या डोळ्यांनी काही दिसत नाही त्यांचाही हा गारवा आणि हा वास चुकत नाही. रूप त्यामागून येतं. फुलांचंही तसंच: एक तुळस, देठ आपल्याकडे, पावलांवर. पन्नास हार घालत बसू नका.

रूपासाठी एकच मूर्ती किंवा एकच तसबीर ठरवा आणि बदलू नका. सुरुवातीला मिनिटभर उघड्या डोळ्यांनी फक्त पावलं बघा, मग डोळे मिटा. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात, 28व्या अध्यायात कपिलमुनींनी देवहूतीला हाच क्रम सांगितला आहे: चरणांपासून एकेक अवयव वर जात शेवटी हसरं मुख. एक अवयव ठरला की मगच पुढचा. बहुतेक जण चेहऱ्यापासून सुरुवात करतात आणि चेहराच सगळ्यात आधी पुसट होतो. आठवडाभर पावलांपाशीच राहिलात तरी काही बिघडत नाही.

नेहमी होणारी चूक म्हणजे सोन्याचं सिंहासन, रत्नांचे खांब, पाच पक्वान्नं. कल्पनेला मोकळं रान मिळालं की मन सजावटीतच रमतं आणि देव बाजूला राहतो. नैवेद्याला दूध-साखर पुरे. वर तुळशीपत्र, भोवती पाणी फिरवायचं, आणि मग थांबायचं. हे थांबणं कुणी करत नाही. मध्येच दाराची बेल वाजली तर जो उपचार चालू होता तिथूनच पुढे.

नामधारक

गोदातीर, वेगाबद्दलचं म्हणणं बरोबर, पण 13 च्या 6 माळा करा हे पटलं नाही. नेम एकदा कमी केला की तो आणखी कमी होत जातो. 13 ठेवा, फक्त तोडून घ्या: सकाळी 6, संध्याकाळी 7. एक बैठक मोडली तर दुसरी असते. गोंदवलेकर महाराजांच्या परंपरेत हाच मंत्र आहे आणि तिथे भर अखंडतेवर आहे, दिवसातून एकदा उरकण्यावर नाही.

रानवारा

दोघांचंही घेतो. सकाळच्या सहा ठरल्या, संध्याकाळचं बसवून बघतो. दोन शंका राहिल्या. माळेचे 108 धरायचे की 100? आणि प्रवासात, सुतकात काय करायचं?

नामधारक

100 धरा, वरचे आठ चुकलेल्या जपासाठी. मंत्राची जितकी अक्षरं तितके लक्ष असं पुरश्चरण, म्हणजे संकल्प करून ठरावीक संख्येचं जपाचं अनुष्ठान, धरलं तर तुमचं 13 लाखांचं होतं, रोज 1300 ने 1000 दिवस. पण पुरश्चरणात जपाच्या दशांश हवन, त्याच्या दशांश तर्पण, मग मार्जन (मंत्र म्हणत पाणी शिंपडणं) आणि भोजन हेही येतं, त्यामुळे संकल्प विचारून सवरून करा. नुसत्या नित्यनेमाला यातलं काही लागत नाही. हरिपाठात तर पुण्याची गणना कोण करी असंच विचारलंय. मोजायचं ते नेम चुकू नये एवढ्यासाठी.

प्रवासात करमाळ वापरा, म्हणजे बोटांच्या पेरांवर अंगठ्याने मोजा. उजव्या हाताच्या अनामिकेचं मधलं पेर 1, तिचंच खालचं 2, करंगळीचं खालचं, मधलं, वरचं 3, 4, 5, अनामिकेचं वरचं 6, मधल्या बोटाचं वरचं 7, तर्जनीचं वरचं, मधलं, खालचं 8, 9, 10. मधल्या बोटाची खालची दोन पेरं म्हणजे मेरू, तिथे अंगठा लावायचा नाही. दहांचा हिशेब डाव्या हातावर. अशी दहा आवर्तनं आणि वर आठ.

सुतकात देवपूजा आणि अनुष्ठान थांबतं, नामस्मरण नाही. नामाला काळवेळ नाही. माळ न घेता, संख्येचा हिशेब न ठेवता म्हणत राहा, आणि सुतक फिटल्यावर माळांची मोजणी जिथे थांबली होती तिथून पुढे धरा.