मदत हवी आहे: विंडोजवर लिनक्सच्या आज्ञा चालवताना निळा पडदा येऊन संगणक बंद पडतो

नमस्कार. सांगलीत आमचे हळदीचे अडत दुकान आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागातील घरात शिरले आणि तिथे ठेवलेल्या जुन्या खातेवह्या भिजल्या. तेव्हापासून प्रत्येक पट्टी आणि वहीचे प्रत्येक पान स्कॅन करून संगणकावर ठेवायचे आणि त्याची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर काढायची, असा नेम आहे. हे काम मी विंडोज १० वर एका बॅच फाइलने (आज्ञा ओळीने चालवणाऱ्या फाइलने) करतो. कॉलेजात लिनक्सची सवय लागल्यामुळे तिच्यात फाइंड (फाइली शोधणारी), सीपी (प्रत काढणारी) आणि एमडी५सम (फाइल वाचून तिची ओळख-संख्या काढणारी, जिच्यावरून पडताळणी होते) या आज्ञांची विंडोजसाठी तयार केलेली जुनी रूपे वापरली आहेत.

प्रती काढण्याचे काम शेवटपर्यंत जाते. परंतु त्यानंतर बाहेरच्या डिस्कवरील सर्व फाइलींची पडताळणी सुरू झाली की दहा-पंधरा मिनिटांत निळा पडदा येतो, त्यावर ‘एनटीएफएस फाइल सिस्टीम’ असे लिहिलेले असते आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. गेल्या आठवड्यात असे चार वेळा झाले. हीच पडताळणी आतल्या डिस्कवर तीनदा केली, तेव्हा काही बिघडले नाही. रॅमची चाचणी रात्रभर चालवली, दोष निघाला नाही. रोजची नवी पाने एक्सप्लोररमधून त्याच बाहेरच्या डिस्कवर टाकली तर ती विनातक्रार जातात, म्हणून माझा संशय या आज्ञांवरच आहे. आणखी एक गोष्ट, तिचा याच्याशी संबंध आहे की नाही ते कळत नाही: गेल्या वर्षापासून फोल्डरांना मी देवनागरीत नावे देतो आणि या आज्ञांनी दाखवलेल्या यादीत त्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात.

एखादा जुना प्रोग्रॅम अख्खा संगणक पाडू शकतो का, आणि दोष नेमका कुठे शोधावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

नमस्कार. साताऱ्यात मी संगणक दुरुस्तीचे काम करतो. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटाच बंद पडतो; निळा पडदा येतो तो कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात), म्हणजे एखाद्या ड्रायव्हरमध्ये (यंत्र किंवा फाइली हाताळणाऱ्या गाभ्यातील प्रोग्रॅममध्ये), डिस्कवरील फाइल-रचनेत किंवा यंत्रात दोष असला तर. एक्सप्लोररने तुम्ही फक्त नवी पाने लिहिता, पण एमडी५सम प्रत्येक फाइल पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत वाचते, त्यामुळे एरवी कोणी हात न लावलेल्या खराब जागेपर्यंत तीच पोहोचते. आतल्या डिस्कवर काही होत नाही, यावरून माझा पहिला संशय बाहेरच्या डिस्कवर आणि तिच्या केबलवर आहे.

केबल बदला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांतील क्रमांक ५ आणि १९७ (खराब जागांच्या नोंदी) यांपुढचे मूळ आकडे (रॉ व्हॅल्यू) पाहा; ते शून्याहून जास्त असतील तर त्या डिस्कवर चेकडिस्क (फाइल-रचना तपासून दुरुस्त करणारी विंडोजची आज्ञा) चालवू नका, आधी वाचता येईल तेवढे दुसरीकडे काढून घ्या. आकडे ठीक असतील तरच चेकडिस्क चालवा. तरीही निळा पडदा आला तर विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसखेरीज दुसरे अँटीव्हायरस आहे का पाहा. ते नुसते बंद ठेवून उपयोग नाही, कारण प्रत्येक फाइल उघडताना मध्ये येणारा त्याचा ड्रायव्हर बहुधा तसाच चालू राहतो. ते काढूनच टाकावे लागते. विंडोज फोल्डरातील मिनीडंप या फोल्डरात प्रत्येक वेळच्या निळ्या पडद्याची नोंद असेल, ती विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या दोष शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर बहुधा ड्रायव्हरचे नाव मिळते.

प्रश्नचिन्हांची बाब मात्र मला निळ्या पडद्याहून गंभीर वाटते. अशी जुनी रूपे विंडोजकडे फाइलींची नावे एएनएसआय कोडपेजमध्ये (ठरावीक लिपींपुरत्या जुन्या अक्षर-तक्त्यात) मागतात आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसे कोडपेजच नाही. नावाचे प्रश्नचिन्ह झाले की सीपीला ती फाइल सापडत नाही आणि सीपी ती सोडून पुढे जाते. म्हणजे गेल्या वर्षभरातील जी पाने तुम्ही हाताने टाकली नाहीत, त्यांची प्रत बहुधा निघालेलीच नाही. त्याऐवजी सिगविन (लिनक्सच्या आज्ञा विंडोजवर चालवणारा संच) वापरा, तो आवृत्ती १.७ पासून यूटीएफ-८ (सर्व लिपींसाठीची अक्षर-पद्धत) नावे नीट हाताळतो, किंवा विंडोजमधलीच रोबोकॉपी ही प्रती काढणारी आज्ञा वापरा. तिचा ‘मिरर’ पर्याय मात्र टाळा, कारण मूळ ठिकाणी नसलेली फाइल तो प्रतीतूनही पुसतो. आज संध्याकाळी एवढे करा: देवनागरी नावाचे एक फोल्डर घेऊन दोन्ही डिस्कवरील त्यातल्या फाइली मोजा आणि आकडे इथे कळवा.