सिम्पसन्स कुटुंब आणि परंपरेचा प्रश्न

'द सिम्पसन्स' ही अमेरिकी व्यंगचित्र मालिका कुटुंबसंस्थेची टवाळी करते आणि त्याआडून उदारमतवादी राजकारण खपवते, हे म्हणणे मला अर्धवट वाटते. जानेवारी १९९२ मध्ये तत्कालीन अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनीही अमेरिकी कुटुंबे सिम्पसन्ससारखी कमी आणि महामंदीच्या काळातील कुटुंबावरच्या जुन्या मालिकेतील वॉल्टन्ससारखी अधिक व्हावीत, असे म्हटले होते. त्यावर काही दिवसांतच मालिकेत सिम्पसन्सचा मुलगा बार्ट याच्या तोंडून उत्तर आले, की आम्हीही वॉल्टन्ससारखेच आहोत, मंदी संपावी म्हणून आम्हीही प्रार्थना करतो. हा राजकीय टोला होताच, पण तो मारणारे कुटुंब रविवारी चर्चला जाते, एका टेबलावर जेवते आणि इतक्या भांडणांनंतरही बार्टचे आईवडील मार्ज व होमर यांचा संसार टिकतो, हे विसरून कसे चालेल? सोलापुरात आमच्या घरी भाकरी आणि शेंगाचटणीची ताटे घेऊन हे भाग पाहताना सासूबाईंना इंग्रजी कळत नसे, तरी मार्जची ओढाताण त्यांना नेमकी उमगे. नेड फ्लँडर्सबाबत मात्र माझी तक्रार आहे. सुरुवातीला तो केवळ सज्जन शेजारी म्हणून होमरला खुपत असे. पुढे लेखकांनी त्याची श्रद्धा हेच हास्याचे निमित्त केले, श्रद्धाळू माणूस म्हणजे कर्मठ असा सोपा संदेश उरला, आणि पारंपरिक मूल्यांवर मालिकेने खरा अन्याय केला तो माझ्या मते येथे.