कयाकच्या (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीच्या) सांगाड्यावर कापड चढवायचंय: नायलॉन की पॉलिएस्टर, आणि शिवण गळू नये म्हणून काय?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. सांगाडा पुरा झालाय. लांबी ५.२ मीटर, रुंदी ५५ सेंमी, ग्रीनलँडच्या धाटणीचा. काठाच्या पट्ट्या सागवानी, बरगड्या बांबूच्या कामट्यांच्या, सगळे सांधे दोऱ्याने बांधलेले. जवसाचं तेल लावून चार दिवस झाले.

आता कापड. दुकानदार बॅगांचं ६०० डेनियर (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) घ्या म्हणतो, मागून कोटिंग असलेलं. ते चालेल? नाहीतर नायलॉन की पॉलिएस्टर? शिवणीतून पाणी येऊ नये म्हणून टाका कुठला घालायचा? रेवदंड्याच्या खाडीत वापरायची आहे, पावसाच्या आत रंगवून व्हायला हवी.

दाभण:
बॅगांचं कापड नको. त्याच्या कोटिंगमुळे रंग धाग्यात मुरत नाही, नुसता वर बसतो आणि वाळूत घासला की सालीसारखा निघतो. सुईने पाडलेल्या भोकांना तर त्या कोटिंगचा काहीच उपयोग नाही. कोरं ग्रे कापड मागा, म्हणजे मागावरून उतरलेलं, काहीही प्रक्रिया न केलेलं, २७० ते ३४० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम). कोटिंग आहे का ते बघायला कापडाला तोंड लावून फुंका. हवा आरपार गेली तर कोरं.

तेलाला चार दिवस फार कमी. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग पांढरं फडकं दाबून बघा. डाग उठला तर अजून थांबा. ओलं तेल कापडात उतरलं की तेवढ्या जागी रंग धरत नाही. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. उन्हात पसरून वाळवा.

खाडीला माझं मत पॉलिएस्टर. नायलॉन नुसत्या हवेतूनच वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास ओलावा घेतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. नायलॉन ओलावलं की लांबतं, म्हणजे ऐन जुलैत बरगड्यांमध्ये झोळ. पॉलिएस्टर ताणायला इस्त्री लागते, पण एकदा बसलं की बसलं.

घेर मोजा, बसायच्या भोकाच्या जरा पुढे, जिथे डेक (होडीचा वरचा पृष्ठभाग) सर्वांत उंच असतो तिथे. १४० सेंमीपर्यंत असेल तर १५० चा पन्हा पुरतो. लांबीला सहा मीटर घ्या.

सांगाडा पालथा ठेवून कापड टाका, मधली रेघ कण्यावर आणा. दोन्ही टोकांना २०-२५ सेंमी लांबीचा खिसा शिवायचा, मोज्याच्या टाचेसारखा, जो टोकावर ओढून बसवता येईल. दोन खिशांमधलं अंतर होडीपेक्षा थोडं कमी ठेवा: पॉलिएस्टरला २ सेंमी, नायलॉनला ५ ते ७. सगळा लांबीचा ताण या फरकातून येतो, त्यामुळे इथे घाई करू नये.

मग होडी सुलटी करा. डेकच्या मधोमध दोन्ही कडा समोरासमोर येतात. दर ५ सेंमीवर दोरा नागमोडी ओवत टोकांकडून मध्याकडे ओढत या, बुटाच्या नाडीसारखा. कडा एकमेकींना भिडल्या की जास्तीचं कापड २ सेंमी ठेवून कापा. कात्री नको, तापवलेलं सोल्डरिंगचं टोक वापरा, म्हणजे कड वितळून बंद होते आणि धागे सुटत नाहीत. कडा आत दुमडून आधी धावदोरा, मग त्यावरून ६-८ मिमीच्या अंतराने काठटाका. दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा, एका वेळी दीड मीटर. जास्त घेतला की गुंता होतो आणि प्रत्येक ओढीत कापड घासतं. सुई अर्धगोल. सरळ सुईने डेकखालून टोक परत वर आणता येत नाही.

आता टाका. ग्रीनलँडच्या बायका सीलच्या कातड्यात सुई जाडीच्या निम्म्यापर्यंतच घालत, बाहेरच्या अंगाला भोक पाडतच नसत, आणि शिवायला तातच (प्राण्याच्या स्नायुबंधाचा दोरा) वापरत, जी भिजून फुगते. कापडाला निम्मी जाडी कुठून आणणार? त्यामुळे कुठलाही टाका घाला, तो गळणारच. शिवणीचं काम ताण धरायचं. पाणी अडवायचं काम रंगाचं.

कोमिंगच्या, म्हणजे बसायच्या भोकाभोवतीच्या, कड्याला दर २.५ सेंमीवर भोकं पाडा, कापड कड्याच्या आतून वर घ्या आणि आधी पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असं टाचून मग मधले टाके घाला. एका बाजूने शिवत गेलात तर शेवटी एक मोठी सुरकुती हातात उरते.

इस्त्री सगळ्यात शेवटी. आधी तुकड्यावर २० सेंमीची रेघ मारून इस्त्री फिरवा आणि पुन्हा मोजा. गिरणीतच हीट-सेट (उष्णतेने आधीच आटवून स्थिर केलेलं) झालेलं असेल तर ते आटणारच नाही, हे घेण्याआधी कळलेलं बरं. पहिला फेरा १२० अंशांच्या आसपास, दुसरा १७५ पर्यंत. त्यावर जाऊ नका. डावी-उजवी बाजू आलटून पालटून करा, एकच बाजू पूर्ण आटवली तर कणा पिळतो.

कातळ:
दाभणदादा, पॉलिएस्टरचं पटतं, पण खाडीच्या तोंडाशी खडकांवर कालवं असतात. त्यांची धार ब्लेडसारखी. अशा ठिकाणी जाड नायलॉनच तग धरतं. ते घासलं जाईल, पण भोक पडून पुढे फाटत जात नाही. झोळाची तक्रार खरी आहे, पण ती बहुतेक वेळा कोरडं शिवल्यामुळे होते. नायलॉनवर गरम पाणी ओता, ओलं असतानाच दोरा ओवून कचकचून ओढा, नंतर वाळताना ते ढोलासारखं बसतं. मात्र पूर्ण वाळल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही.

कापड कुठलंही असो, कण्यावर आणि टोकांखाली त्याच कापडाची ४ सेंमीची पट्टी रंगाच्या दुसऱ्या हातावर चिकटवा. किनाऱ्यावर ओढताना झिजतं ते तिथेच.

तिसरा हात:
रंगाचं मी सांगतो, कारण शिवण उत्तम असूनही होड्या इथेच वाया जातात.

दोन भागांचं पॉलियुरेथेन सर्वांत टिकाऊ, पण त्यातलं आयसोसायनेट हवेतल्या पाण्याशी मिळून कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि दमट दिवशी पृष्ठभागावर साबूदाण्यासारखे फोड येतात. प्रत्येक फोड म्हणजे फुटल्यावर एक भोक. पहाटे किंवा पावसाच्या सरीनंतर लावू नका, दुपारी उघड्या पडवीत लावा. साधा कापडी मास्क चालत नाही, सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेलाच हवा.

ते झेपत नसेल तर तेलावर आधारलेलं पॉलियुरेथेन व्हार्निश किंवा चांगला ऑइलपेंट. कमी टिकतो, पण दरवर्षी एक हात मारता येतो. या होडीला अडीच लिटर हाताशी ठेवा. एकट्या पहिल्या हातात लिटरभर जिरतो. त्यात पाचवा हिस्सा टर्पेंटाइन घाला, म्हणजे धाग्यांच्या आत शिरेल. आधी शिवण, ब्रश उभा धरून रंग भोकांत कोंबा, मग बाकीचं. दहा मिनिटांनी बॅटरी घेऊन आत बघा. कापडातून झिरपलेले थेंब लोंबत असतात, ते तेव्हाच पुसा. वाळले की गुहेत लोंबणाऱ्या सुळक्यांसारखे कडक होतात आणि गुडघ्याला टोचतात.

पुढचे तीन हात पातळ, आधीचा जरा चिकट असतानाच. दिवस उलटून कडक झाला तर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, आणि पट्ट्यांच्या धारेवर अजिबात नाही. तिथे कापड ताणलेलं असतं, दोनदा घासलं तरी धागे कापले जातात.

सिलिकॉन कुठेही नको. एकदा लागलं की त्या जागी पुन्हा कुठलाच रंग बसत नाही.

खाडीकाठ:
सगळ्यांचे आभार. पॉलिएस्टर घेतलं, तुकडा २० चा १९.२ झाला. खिसे आणि डेक शिवून झाले. पण पुढच्या खिशाच्या मागून काठाकडे एक तिरकी सुरकुती जातेय. इस्त्रीने जाईल?

दाभण:
आटणं चांगलं आहे, पण तिरकी सुरकुती इस्त्रीला दाद देत नाही. कापड टोकावर पिळलंय. मधली रेघ कण्यावरून सरकली आहे का बघा, खिशाच्या जागी अर्धा सेंमी सरकली तरी पुरते. डेकची शिवण टोकाकडून ४० सेंमी उसवा, खिसा फिरवून रेघ जागेवर आणा, पुन्हा ओढून शिवा. उसवलेल्या दोऱ्याची भोकं राहतील, घाबरू नका, ती पहिल्या हातात बुजतात.

तिसरा हात:
आणि शेवटचा हात होऊन आठवडा गेला की होडी लाकडी घोड्यांवर (टेकूंवर) ठेवून आत २० लिटर पाणी ओता, एका टोकाकडून दुसरीकडे कलवा. बाहेर जिथे ओल उमटेल तिथे खडूने गोल करा. बहुतेक गोल कोमिंगखाली आणि खिशाच्या टोकाशी सापडतील. पाणी काढून दोन दिवस वाळवा, मग तेवढ्याच जागी रंग.

कातळ:
या होडीला आत आडवे पडदे नसतात. उलटली की टोकापासून टोकापर्यंत भरते. पुढे-मागे हवेच्या पिशव्या कोंबून, बांधून मगच पाण्यात उतरवा.