हर्लिंगमध्ये भाड्याचे खेळाडू चालतात का? (शेन ओ'डॉनेलबद्दल विचारायचं होतं)

कपाशीवाला (समुद्रपूर तालुका)

राम राम मंडळी. मी शेतकरी माणूस, कपाशी अन् तूर. खेळ म्हणाल तर कबड्डी, तेही कोपऱ्यावर उभं राहून लोकाइच्या घोट्याले हात घालणं, एवढंच केलं. पण प्रश्न आयर्लंडचा आहे. हसू नका.

माहा पुतण्या १९ वर्षांचा, हिंगणघाटले बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाले. चढाईले चांगला आहे. पाय हलका, दम लय. संक्रांतीनंतर गावात रात्रीचे सामने झाले, तर मंडळानं नागपूरकडून चार खेळाडू आणले. ५,००० रुपये एकेकाले, मटणाचं जेवण वेगळं. आमचा पोट्टा तीन रात्री युरियाच्या पोत्यावर बसून त्याइच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होता. आपल्याले तिसरं बक्षीस भेटलं, ११,०००. हिशेब तुम्हीच करा.

तेव्हापासून तो मोबाइलवर एकच व्हिडिओ पाहून राह्यला, हर्लिंग नावाच्या आयर्लंडच्या खेळाचा. हातात लाकडाची चपट्या तोंडाची काठी, लिंबाएवढा चेंडू, अन् मैदानावर नुसता धुराळा. मले म्हणते, "काका, हा शेन ओ'डॉनेल. २०१३ ची फायनल. तेव्हा १९ वर्षांचा होता. याले सामन्याच्या दिवशीच सांगितलं का तू खेळणार, अन् यानं तीन गोल ठोकले. पगार शून्य."

मले काही समजलं नाही. ५-१६ विरुद्ध ३-१६ असा कुठं स्कोर असते का? पगार नाही तर हे लोक खाते काय? अन् माहा खरा प्रश्न वरतीच लिहिला आहे. पैसे देऊन बाहेरगावचे पोट्टे आणता येते का तिथं? कोणाले माहीत असन तर सांगा. पुतण्याले मी सांगितलं होतं का जगात सगळीकडं असंच चालते.

शॅननरिटर्न

दादा, मी मूळ आर्वीचा. शॅननला एका कारखान्यात सहा वर्षं काढली. शॅनन म्हणजे क्लेअर काउंटी (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा), म्हणजे ओ'डॉनेलचंच गाव म्हणा. त्याचा क्लब एनिसचा, एरे ओग. एनिस शॅननपासून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. त्यामुळे तुमच्या पुतण्याचा व्हिडिओ मी तेव्हाच पाहिला होता, एका पबात, उभ्यानं, कारण बसायला जागाच नव्हती.

चेंडू लिंबाएवढा नाही हो, टेनिसच्या चेंडूपेक्षा किंचित मोठा. आत बूच, वर चामडं, शिवण उठून दिसते. वजन ११० ते १२० ग्रॅम. लागला की कळतं.

स्कोरचं सोपं आहे. खांब इंग्रजी एचसारखे असतात. आडव्या दांडीखालून जाळीत गेला तर गोल, त्याचे ३ गुण. दांडीवरून गेला तर १. गोलाच्या बाजूला पांढरे कोट घातलेले पंच उभे असतात. गोलला हिरवा झेंडा, पॉइंटला पांढरा. म्हणजे ५-१६ चे झाले ३१ आणि ३-१६ चे २५. क्लेअर सहा गुणांनी जिंकलं, कॉर्क ही दुसरी काउंटी हरली. आणि गंमत अशी की ही दुसरी फायनल होती. पहिली ८ सप्टेंबरला झाली, ती बरोबरीत सुटली: क्लेअर ०-२५, कॉर्क ३-१६. एकही गोल न करता पंचवीस! म्हणून २८ सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळी, पुन्हा खेळवली.

त्या शनिवारी डेव्ही फिट्झजेराल्ड या त्यांच्या मॅनेजरनं ओ'डॉनेलला सामन्याच्या जेमतेम काही तास आधी सांगितलं की सुरुवातीपासून तूच. का, तर पोराला रात्रभर झोप लागली पाहिजे. (हे मला फार आवडलं होतं. आपल्याकडे आदल्या रात्री सगळ्या गावाला माहीत असतं.) पहिल्या वीस मिनिटांच्या आत तीन गोल झाले. एकूण ३-३, म्हणजे एकट्याचे १२ गुण. फायनलच्या मैदानात, क्रोक पार्कात, ८२,००० च्या वर माणूस मावतो, नागपूरच्या जामठा स्टेडियमच्या जवळपास दुप्पट. आणि क्लेअरची सगळी लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. त्या संघात टोनी केली पण १९ चाच होता. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम तरुण खेळाडू, दोन्ही बक्षिसं त्यालाच.

पगार खरंच नाही. जाण्यायेण्याचा खर्च मिळतो, मोठ्या नावाच्या खेळाडूला जाहिरातीचे काही मिळत असतील, पण खेळण्याचे पैसे कोणालाच नाहीत. १८८४ साली थर्ल्स गावच्या एका हॉटेलात जीएए ही संघटना निघाली, तेव्हापासून हौशीच. माझ्या लाइनवरचा फिटर क्लबकडून खेळायचा. सोमवारी बोटाला पट्टी बांधून यायचा आणि आम्हीच त्याचे पाने उचलून द्यायचो.

आता तुमचा खरा प्रश्न. नाही आणता येत. क्लब म्हणजे चर्चची हद्द, एक गाव नाहीतर दोनचार वाड्या. पोरगा सहा-सात वर्षांचा असल्यापासून तिथं काठी घेऊन जातो, आणि बहुतेकांचा तोच क्लब म्हातारपणापर्यंत. बदलायचा तर परवानगी लागते, कारण दाखवावं लागतं, आणि "ते जास्त देतात" हे कारण होऊच शकत नाही, कारण देतच नाहीत. काउंटीचं तसंच. याची वाईट बाजू पण आहे. किलकेनी काउंटीनं ३६ वेळा ऑल-आयर्लंड (म्हणजे देशाचं अजिंक्यपद) जिंकलं, आणि कितीतरी काउंट्यांतला हाडाचा खेळाडू फायनल फक्त टीव्हीवर पाहतो. जन्म कुठे घेतला त्यावर सगळं. मला ते पूर्ण बरोबर वाटत नाही, पण बाटल्या सांभाळायला मात्र कोणी बसत नाही. बसला तरी आपल्याच गावच्या पोराच्या सांभाळतो.

पुतण्याला पुढचं पण सांगा, व्हिडिओत नसतं ते. १९ व्या वर्षी एवढं झाल्यावर पुढची ऑल-आयर्लंड कधी मिळाली? २०२४ ला. अकरा वर्षं! मध्ये २०१८ ची सेमीफायनल बरोबरीत, पुन्हा खेळवली तर एका गुणानं हार. २०२२ आणि २०२३ ला सेमीफायनलला किलकेनीकडून हार. या काळात त्यानं कॉर्कच्या विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी केली, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत हार्वर्डला जाऊन आला. बीएस्सीवाल्या पोराला हे मुद्दाम सांगा. मग २१ जुलै २०२४, परत कॉर्क, जादा वेळ, क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. बेरीज त्यालाच करू द्या. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, शेन ओ'डॉनेल, वय ३०.

गल्लीक्रिकेट

एवढं वाचून पण आयपीएलच बरी वाटली.

वाढयाचं पोरगं (केळापूर)

मले खेळातलं काही समजत नाही, लाकडातलं समजते. ते काठीचं चित्र मोठं करून पाहिलं. दांड्याचे रेषे खाली येऊन तोंडाकडं वळले आहे. म्हणजे ते सरळ फळीतून कापलेलं नाही, बुंध्यातून काढलेलं आहे, जिथं खोड मुळाकडं फाकते तिथून. माहा आजा नांगर करे तर आधी बाभूळ पाहत फिरे, जन्माचाच वाक असलेली. सरळ लाकडाले वाक कापून दिला तर पहिल्या दगडाले मोडते. हे तेच आहे.

वाचलं तर कळलं का ॲश नावाचं झाड असते, त्याच्या बुंध्याच्या खालच्या चारपाच फुटातूनच ही काठी निघते. अन् २०१२ पासून तिकडं त्या झाडाले बुरशीचा रोग लागला, वाऱ्यानं पसरते, शेंड्याकडून झाड वाळत येते. आता काही जण बांबू दाबून चिकटवून काठ्या करून राह्यले, त्यातला एक कारखाना क्लेअरचाच निघाला. आपल्या इकडं बांबूचं काय होते? ताटवे अन् शिडी.

काका, पुतण्याले खेळून पाहायचं असन तर सागवान देऊ नका, फुटते. धामण पाहा. कुऱ्हाडीचा दांडा धामणाचा काहून करते? हाताले झिणझिण्या येत नाही म्हणून. मी एक करून देतो, पैसे नको. माप पाठवा. उभं राहिल्यावर कमरेच्या हाडापासून जमिनीपर्यंत, चपला काढून.

पीटीच्या बाई (दर्यापूर)

दांडे करून द्याच, पण आधी हेल्मेट. तिकडे २०१० पासून सगळ्या खेळाडूंना सक्तीचं आहे, समोर जाळीसकट.

आणि शॅननच्या दादांनी एक वर्ष सोडलं, २०२१. जूनमध्ये सरावात ओ'डॉनेलच्या डोक्याला मार बसला, हेल्मेट असूनही. कवटीला काही नाही, मेंदूला हादरा. उरलेला सगळा हंगाम गेला. खेळ कायमचा सोडावा का, हा विचार त्यानं केला होता आणि तसं उघड बोलूनही दाखवलं. बरा झाल्यावरच परत आला.

मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. केलं, बावीस वर्षं शाळेत आहे. मागे एका स्पर्धेत माझा आठवीतला मुलगा पकडीत उताणा पडला, डोकं जमिनीवर आपटलं. संयोजकांनी तोंडावर पाणी मारलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याला परत आत पाठवलं. दोन मिनिटांनी तो समोरच्या संघाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. लोक हसले. मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं तर माझ्याशीच भांडण. घरी जाताना एसटीत तीनदा ओकला.

म्हणून विचारते, तुमच्या गावच्या सामन्यांना मॅट होती की माती? आणि डॉक्टर? २०,००० खेळाडूंवर गेले, मग मॅटच्या भाड्याला किती उरले? मुलींचा संघ आहे का, हेही विचारणार होते. हर्लिंगचा मुलींचा खेळ कॅमोगी, तोही तेवढाच जोरात चालतो.

कपाशीवाला (समुद्रपूर तालुका)

बाई, माती होती. वर पाणी मारलेलं, मधात रोलर फिरवलेला, पण मातीच. डॉक्टर नव्हता. कंपाउंडर येतो म्हणाला होता, दुसऱ्या रात्री आला, जेवून गेला. मुलींचा संघ नाही. होता एक वर्ष, मंग लग्नं झाली.

शॅननच्या दादा, बेरीज पोट्ट्यानं केली. ३८ अन् ३७. मंग वही बंद करून बाहेर गेला, काही बोलला नाही. पीएचडीवालं त्याच्या बापाले जास्त आवडलं.

आता एक गोष्ट मी वरती लिहिली नव्हती. "मंडळानं आणले" असं लिहिलं. मंडळाचा खजिनदार मी आहे. त्या चौघाइले पैसे माह्या हातानं दिले, पावतीबुकावर सही माही आहे. सभेत सात जण होतो. विरोधात एकच हात वर होता, तो चक्कीवाल्याचा, अन् आम्ही त्याले म्हटलं का तुले कबड्डीतलं काय समजते. पुतण्याले हे माहीत आहे. तरी तो व्हिडिओ मलेच आणून दाखवला त्यानं.

येत्या सोमवारी हिशेबाची सभा आहे. गावच्या मतदार यादीत किंवा शाळेच्या दाखल्यावर नाव असन तोच खेळन, असा ठराव लिहून ठेवला. तुमच्या क्लबची हद्दीची गोष्ट वाचूनच लिहिला. पास होईन का नाही, माहीत नाही. चक्कीवाल्याले आज सकाळी दळणाच्या निमित्तानं भेटून आलो. तो म्हणे, "आता समजलं काय मले?"

वाढई भाऊ, माप घेतलं. चपला काढून ३७ इंच. हेल्मेट मोटरसायकलचं चालन का, का त्याले जाळीवालंच पाहिजे?