शेजारच्या देशात सिमकार्ड घेतल्याचे अनुभव

गोदाकाठ:
मुक्तिनाथला निघालेल्या आमच्या सोसायटीतील काकूंनी काल "अहो, नेपाळात आपला फोन लागतो का?" असे विचारले आणि मला भारत-नेपाळ सीमेवरील सोनौलीच्या कमानीपलीकडचे ते टपरीवजा दुकान आठवले. दुकानदाराने ओळखपत्राची छायाप्रत आणि फोटो घेतला, अर्जावर दोन्ही अंगठ्यांचे ठसे उमटवले, टाचणीने फोनचा ट्रे ओढला आणि माझे भारतीय सिम चिकटपट्टीने ओळखपत्राच्या पाठीवर डकवून दिले. नवे सिम सुरू होताच फोनचे घड्याळ 15 मिनिटे पुढे सरकले, तेव्हा कुठे आपण परदेशात आल्याचे जाणवले. आपलेही अनुभव अवश्य लिहावेत.

रानवाटा:
काठमांडू आणि पोखऱ्यात एनसेल काय, नेपाळ टेलिकॉम काय, दोन्ही कंपन्यांची सिम चालतात. परंतु मुक्तिनाथच्या वाटेवरील जोमसोमच्या पुढे आमच्या गटात नेपाळ टेलिकॉमवाल्यांनाच रेंज होती आणि बाकीचे त्यांच्याभोवती हॉटस्पॉटसाठी घोटाळत होते.

हिशेबी:
सिम बदलण्यापेक्षा बँकेच्या ओटीपीचा प्रश्न मोठा आहे. दोन सिमच्या फोनमध्ये भारतीय सिम काढू नये. त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग घरूनच सुरू करून घ्यावे आणि त्याचा डेटा मात्र बंद ठेवावा. माझ्या प्लॅनमध्ये येणाऱ्या संदेशांना पैसे पडत नाहीत, आपापल्या प्लॅनचे आधी तपासावे. मार्च 2024 पासून नेपाळच्या अनेक दुकानांत आपले यूपीआय चालते, पण पैसे देताना इंटरनेट लागतेच, हे काउंटरपाशी पोहोचल्यावर आठवून उपयोग नाही.

डोंगरवेडी:
भूतानमध्ये सीमेवरच्या फुंत्शोलिंगच्या हॉटेलात भारतातील जयगावकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी भारतीय रेंज मिळत होती, त्यामुळे आमचे सासरे तिथेच खुर्ची टाकून नातवंडांशी बोलत बसले आणि "सिमचा खर्च कशाला?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी घाट चढू लागलो तशी ती रेंज गेली. थिंफूत बी-मोबाइलचे पर्यटक सिम घेतले, तेव्हा पहिला फोन त्यांनीच लावला.

गोदाकाठ:
डोंगरवेडी, सासरेबुवांना आमचा नमस्कार सांगा!

फिरस्ता:
उत्तराखंडातील धारचुल्याला याच्या उलट प्रकार पाहिला. मध्ये काली नदी, तिच्यावर झुलता पूल, पलीकडे नेपाळचे दार्चुला. आम्ही आदि कैलासला गेलो त्या वर्षी वरच्या गावांत आपल्या कंपन्यांचे मनोरे नव्हते आणि आपलीच माणसे नेपाळी सिम वापरीत होती. म्हणजे भारतातल्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी, पिथौरागडला, फोन करायचा तर तो आंतरराष्ट्रीय दराने पडायचा. घरमालकीणबाई उंबऱ्यात उभ्या राहून मुलाशी बोलत आणि दर वाक्यानंतर बॅलन्स पाहत. पर्यटकाला हे सारे गमतीचे वाटते, त्यांचा मात्र तो रोजचा खर्च होता.

राईनकाठची:
युरोपात 15 जून 2017 पासून युरोपीय संघाच्या कोणत्याही देशात घरच्याच दराने फोन वापरता येतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. तिथल्या बाझेलची 8 क्रमांकाची ट्राम सीमा ओलांडून जर्मनीतील वाइल आम राइनला येते. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांच्या जर्मन प्रीपेड सिमने ट्राममध्येच स्विस मनोरा पकडला आणि त्यांनी गाणी ऐकण्यात सगळा बॅलन्स संपवला. काही कंपन्या स्वित्झर्लंडही त्याच दरात देतात, त्यांच्या कंपनीचे तसे नव्हते. आता मी पाहुण्यांना चहाआधी रोमिंग बंद करायला लावते.

वऱ्हाडी पाहुणा:
परदेशाचे राहू द्या, लडाखमध्ये आपले महाराष्ट्राचे प्रीपेड चालले नाही, तिथे पोस्टपेडच लागते. लेहच्या बाजारात पोस्टपेडवाल्या मेव्हण्याचा रुबाब पाहण्यासारखा होता.

कुसुमताई:
नवे सिम घातल्यावर व्हॉट्सॲपवरचे गट जातात का? आम्ही दोघी बहिणी पशुपतिनाथाला जाणार आहोत.

हिशेबी:
जात नाहीत, ताई. नंबर बदलायचा का, असे विचारल्यास नकार द्यावा; जुन्याच नंबरावर सारे चालू राहते. फक्त तिकडे असताना ॲप काढून पुन्हा टाकू नये, कारण पडताळणीचा संदेश भारतीय नंबरावरच येतो.