ग्रुपवर टाकलं म्हणजे गावाला कळवलं का?

कृष्णाकाठचा (पलूस तालुका)
गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पंचायतीनं व्हॉट्सॲप ग्रुप काढला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता. नळाला पाणी कधी, विजेचा डीपी कुठला जळला, रेशन आलं का, सगळं घरबसल्या. आता ग्रामसभेची नोटीसही तिथंच येते, आणि सभेला सदस्य, ग्रामसेवक, शिपाई आणि मी धरून बारा-तेरा डोकी. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी संख्या लागते. ती होत नाही, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, मग त्याच बारा-तेरा जणांत ठराव मंजूर. विचारलं तर उत्तर तयार, "ग्रुपवर टाकलं होतं की, कुणी हरकत घेतली नाही."

हरकत घेणार कोण? ॲडमिन सरपंचांचा पुतण्या. मी गटारीच्या बिलाचं विचारलं, तर खाली धडाधड वाढदिवसाच्या शुभेच्छा पडल्या आणि प्रश्न वर सरकून गेला. निरोपापुरता ग्रुप ठीक. कारभार त्यावर चालवायला माझा विरोध आहे.

गावभागकर
साफ नामंजूर. तुम्ही पलूसचे, तुम्हाला पुराचं वेगळं सांगायला नको. आमच्या सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. पण नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटातली माणसं इशाऱ्याची वाट बघत बसत नाहीत, त्याआधीच बोजा बांधतात. कशाच्या जोरावर? कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं आणि पुलाजवळ किती फूट झालं, हे तासातासाला मोबाईलवर येतं म्हणून. पूर्वी पुलावर जाऊन बघून यायला लागायचं. २०२१ च्या पुरात आम्ही आदल्या रात्रीच फ्रीज माडीवर चढवला तो ग्रुपमुळंच.

हरिपूर रोड
गावभागकर, २०१९ विसरलात काय? पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्याकडं लाईट गेली, दुसऱ्या दिवशी मोबाईल बंद, तिसऱ्या दिवशी रेंजच नाही. ज्या दिवसांत निरोपाची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच दिवसांत ग्रुप मुका. आमच्या गल्लीत कळलं ते रिक्षावर भोंगा लावून फिरणाऱ्या पोरांकडून. आणि रेंज होती तेव्हा काय आलं, तर धरणाला तडा गेल्याचा मेसेज! आईचं बीपी वाढलं ते त्यानं, पुरानं नाही.

गावभागकर
म्हणून काय मोबाईल नदीत टाकायचा? भोंगेवाल्या पोरांना पेट्रोल कुठं मिळतंय, बोट कुठं लागलीय, हे कुणी सांगितलं? जिथं रेंज होती तिथल्या ग्रुपांनीच.

मळ्यातली (मिरज तालुका)
सगळे बापे भांडताय म्हणून बोलते. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असा नियम आहे. आमच्याकडं तिची वही घरोघर सह्यांना फिरते, झाली सभा. खऱ्या सभेत सासरे, दीर पुढं बसलेले, मी उठून शौचालयाच्या अनुदानाचं काय विचारणार? ग्रुपवर विचारलं. पंधरा दिवसांत हप्ता आला. कृष्णाकाठच्या भाऊंना सभेची सवय मोडली असं वाटतंय, पण आम्हाला ती सवय होती कधी?

कृष्णाकाठचा (पलूस तालुका)
ताई, तुमचं खरं आहे. मी लिहिताना एवढा विचार केला नव्हता.

जत पूर्व
तुमच्याकडं पूर, आमच्याकडं टँकर. निम्मी माणसं घरात कन्नड बोलतात, म्हाताऱ्यांना मेसेज वाचताच येत नाही. आमच्या तालुक्यात जालिहाळला येरळावाणी हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. तिकडं साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग २००८ पासून आहे. धारा काढता काढता ऐकता येतं, अक्षरओळख लागत नाही, नेटपॅक लागत नाही. आणि बाई रेडिओवर बोलली तर दीर पुढं बसलेला नसतो.

हरिपूर रोड
रेडिओ मलाही पटतो, पण त्याचीही मेख आहे. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. पाणीपुरवठा, वीज, आपत्तीचा इशारा चालतो, पण तोही प्रशासनानं दिलेला. म्हणजे टँकर कधी येणार हे सांगता येईल. टँकर कुणाच्या विहिरीत रिकामा झाला, ही बातमी देता येणार नाही. गटारीच्या बिलाचं तिथंही अवघडच.

कडेगावकर
आमच्या तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव बघा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ग्रामसभेनं ठरवलं, रोज संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजणार, साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद, पोरांनी अभ्यासाला बसायचं. हाच ठराव ग्रुपवर टाकला असता तर शंभर अंगठे पडले असते आणि मोबाईल एकानंही खाली ठेवला नसता. समोरासमोर बसून हो म्हटलं की शेजाऱ्याची लाज असते.

गावभागकर
भोंगा म्हणजे यंत्रच की राव!

कडेगावकर
यंत्रच. पण ते कधी वाजवायचं हे सभेनं ठरवलं. ॲडमिननं नाही.

निवृत्त क्लार्क, विटा
पस्तीस वर्षं आवक-जावक सांभाळलं, म्हणून एकच सांगतो. ग्रुपवरच्या निळ्या टिकांना दप्तरात काही किंमत नाही. अर्ज कागदावर लिहा, आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, मग त्या शिक्क्याचा फोटो ग्रुपवर टाका. बिल बघायचं असेल तर माहिती अधिकारात मागा, १० रुपये फी, उत्तराला ३० दिवस. त्या फोटोखाली शुभेच्छा टाकायची हिंमत होत नाही कुणाची, अनुभव आहे.

मळ्यातली (मिरज तालुका)
काका, अर्जाचा नमुना असेल तर इथंच द्या. आमच्या महिला सभेची वही बघायला मागायची आहे.

कृष्णाकाठचा (पलूस तालुका)
मलाही. २ ऑक्टोबरच्या सभेआधी शिक्का घेतो. आणि फोटो टाकल्यावर ग्रुपमधून काढलं, तर तेही इथं येऊन सांगतो.