कॉमर्सच्या वर्गानं तुम्हाला काय दिलं? पुण्यात शिकवणाऱ्यांचे अनुभव

नुकतीच निवृत्त झाले. आमचं पुणे विद्यापीठ 1949 सालचं, बीएमसीसी हे कॉमर्सचं कॉलेज तर त्याच्याही आधीचं, 1943 चं. म्हणजे या गावात कॉमर्स शिकवणाऱ्यांच्या तीन पिढ्या तरी सहज निघतील. स्टाफरूममध्ये सायन्सवाले 'तुमचं काय, नावे आणि जमा' म्हणून चेष्टा करायचे, ते बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. पगार सोडून या कामानं हाती काय दिलं, ते लिहा. बीकॉम, बीबीए, एमबीए, काहीही चालेल. सुरुवात मीच करते.

एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, दर वर्षी एक प्रश्न ठरलेला. 'मॅडम, पासबुकात पैसे आले की क्रेडिट. तुम्ही म्हणता रोख आली की डेबिट. खरं काय?' एका वर्षी मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरची मुलगी उठली. परभणीकडची, बारावीपर्यंत मराठी माध्यम, तोवर वर्गात एक शब्द बोललेली नाही. म्हणाली, 'पासबुक आपलं नसतंच ना. ते बँकेच्या वहीतलं आपलं पान. आपले पैसे म्हणजे बँकेच्या डोक्यावरचं देणं.'

हेच सांगायला मी दर वर्षी दोनदा फळा भरत होते!

•••

मी खरं तर मास्तर नाही. भोसरीत एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे, शनिवारी एमबीएला व्हिजिटिंग जातो. ईओक्यू शिकवत होतो, म्हणजे एका वेळी किती माल मागवला की खर्च सगळ्यात कमी पडतो त्याचं सूत्र. वर्गमूळ काढून ऐटीत मागे वळलो, तर एक पोरगा म्हणतो, 'सर, हे कोथिंबिरीला लावून दाखवा.'

त्याचे आईवडील पहाटे मार्केट यार्डातून माल उचलून कोथरूडला भाजीची गाडी लावतात. सूत्रात मागणी वर्षभर सारखी धरलेली असते आणि माल टिकतो असं गृहीत असतं. इथं भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर गड्ड्यांचा. रविवारी आवक वाढली की कोसळतो. पावसात भिजून आलेली गड्डी संध्याकाळपर्यंत काळी पडते. पुढचा पाऊण तास तो फळ्यापाशी आणि मी त्याच्या बाकावर. गड्डी 10 ला घेऊन 15 ला विकायची. कमी पडली तर 5 हुकतात, उरली तर 10 बुडतात. म्हणजे सरासरी खपापेक्षा हात आखडूनच घ्यायची. पुस्तकात याला पेपरविक्रेत्याचं गणित म्हणतात, ते पुढच्या सत्रात होतं. मी त्यावर दोन तास घालवणार होतो.

पोरगा म्हणाला, 'पप्पा हेच करतात सर. फक्त का करतात ते विचारलं की चिडतात.'

•••

सगळं गोडगोड चाललंय म्हणून लिहितो. मी सहा वर्षं सीएचबीवर आहे, म्हणजे घड्याळी तासांवर. जेवढे तास तेवढे पैसे, मे महिन्यात शून्य. एका कॉलेजनं दिवाळीआधीचं बिल होळीला काढलं. सकाळी दोन कॉलेजं, दुपारी खासगी क्लास, मधला वेळ दुचाकीवर. 'ज्ञानदान' हा शब्द कुणी माझ्यासमोर काढू नये.

तरी सोडलेलं नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका पोराची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंचा ताळा, 900 नं जुळेना. तीन वेळा बेरीज करून रडकुंडीला आला होता. म्हटलं, फरकाला 9 नं भाग जातो का बघ. जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते. खतावणीत 5,400 चे 4,500 सापडले, तेव्हा त्याच्या तोंडून 'आयला!' निघालं ते शेजारच्या वर्गात ऐकू गेलं. आता तो रविवार पेठेत एका होलसेलवाल्याचे हिशेब बघतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेरीज आपोआप जुळते, पण समोरच्या व्यापाऱ्यानं पाठवलेल्या उताऱ्याशी खातं जुळवायचं ते माणसालाच. गेल्या मार्चअखेरीला रात्री साडेअकराला फोन. 'सर, 2,700 चा फरक. 9 नं जातोय!'

नमस्कार नाही, काही नाही. बायको म्हणाली, कुणाचा फोन? म्हटलं, पगार आला.

•••

माझं छोटंसंच. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला. ज्यांना घोकून घोकून व्हॅट आणि एक्साइज हे जुने कर शिकवले होते, ती बॅच नुकतीच बाहेर पडलेली. फार अपराधी वाटायचं. ऑगस्टमध्ये त्यातले तिघं जण आले, 'मॅडम, नव्या कायद्याच्या तासाला मागे बसू का?' ऑफिसातून परस्पर आलेले. एकाच्या मांडीवर डबा होता, तो शेवटपर्यंत उघडला नाही.

•••

सीएचबीवाले सर, तुमचा 'पगार' वाचून हसले आणि होळीचं वाचून गप्प झाले. यावर वेगळा धागा निघायला हवा.

परभणीची मुलगी पुढे काय करते, असं एकीनं विचारलंय. बँकेत लागली. पेन्शनच्या नोंदी करून घ्यायला गेले तर काउंटरवर तीच. माझं पासबुक उघडून म्हणाली, 'आमच्या वहीतलं तुमचं पान, मॅडम.' मग प्रिंटर बंद आहे, उद्या अकरानंतर या, म्हणून परत पाठवलं.